हँडगनने हरणाची शिकार: ओहायोत नव्याने आलेल्यांनी कोणतं कॅलिबर घ्यावं?

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी ओहायोत हरणाचा गन सीझन सुरू होतो आणि ऑफिसातली निम्मी टीम रजेवर जाते. पहिल्या वर्षी नवल वाटतं, दुसऱ्या वर्षी एखादा सहकारी "येतोस का?" विचारतो, आणि मग मला फोन येतो: "ताई, नाइन एमएम घेऊ का? स्वस्त आहे, गोळ्याही कुठेही मिळतात."

नाही. ओहायोत हरणासाठी हँडगनचं काडतूस सरळ भिंतीचं (म्हणजे पुंगळी तोंडाशी बाटलीसारखी निमुळती नसलेलं), .३५७ किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरचं (म्हणजे गोळीच्या इंचातल्या व्यासाचं) हवं आणि बॅरल किमान ५ इंच हवी. नाइन एमएमची गोळी .३५५ इंचाची असते. फरक केसाएवढा, पण गेम वॉर्डनसमोर, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, तोच मोजला जातो. बॅरलची अट तर त्याहून जास्त लोकांना नडते. दुकानात समोर मांडलेली बहुतेक .३५७ रिव्हॉल्व्हर चार इंची असतात, ती इथे चालत नाहीत. १० एमएमची ग्लॉक २० पिस्तूल तिच्या ४.६ इंची बॅरलमुळे बाद होते, सहा इंची ग्लॉक ४० चालते. म्हणून आधी राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा, मग दुकानात जा.

न्यू जर्सीहून बदलून आलेल्यांना हे सगळंच नवं असतं, कारण तिथे हरणाला हँडगन चालतच नाही. मॅसॅच्युसेट्समध्येही नाही. पेनसिल्व्हेनियात चालते, पण प्रत्येक गोळीला यंत्रणा हाताने चालवायची, पुढची गोळी आपोआप भरणारी सेमी-ऑटो नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मित्राने दिलेला सल्ला ओहायोत आणि इथला सल्ला पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला लागू पडेल असं धरून चालू नका.

कॅलिबरच्या आधी कागद. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण गोळी चुकली तर हरीण निसटतं, पण कागद चुकला तर घर उठतं. एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा व्हिसावर असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणं हेसुद्धा त्यात येतं. "फक्त दोन गोळ्या मारून बघितल्या" ही सबब नाही. कायद्यात अपवाद आहे: ज्याच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स आहे त्याला ही मनाई लागू होत नाही. म्हणजे क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग रेंज. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, तेव्हा ती तारीख पासपोर्टच्या तारखेइतकीच लक्षात ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, पण बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढता येतं. डीलरकडून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण हवं, आणि तिथे भरायच्या फॉर्म ४४७३ वर खोटं लिहिणं हा मोठा गुन्हा आहे. गांजाबद्दलचा प्रश्न नीट वाचा. ओहायोत तो आता कायदेशीर असला तरी फेडरल फॉर्मला ते मान्य नाही. माझं स्पष्ट मत: व्हिसावर असाल तर खरेदीआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा, आणि ग्रीन कार्ड दोन-चार वर्षांत येणार असेल तर तोवर धनुष्याने शिकार शिका. त्यातही हरणाजवळ जायचं तंत्र तेच आहे.

आता कॅलिबर. दुकानदार तुमच्यापुढे फूट-पाउंडांचं, म्हणजे गोळीच्या ऊर्जेचं, कोष्टक ठेवेल. ते बाजूला ठेवा. रायफलच्या गोळीचा वेग प्रचंड असतो, त्यामुळे ती आजूबाजूची ऊतीही फाडते. हँडगनची गोळी त्या मानाने संथ असते. ती हरीण मारते ते छातीच्या आरपार भोक पाडून, दोन्ही फुप्फुसं निकामी करून. त्यामुळे भोक कुठे पडतं हेच महत्त्वाचं, आणि ते ठरतं तुमच्या हातावर. जे कॅलिबर तुम्ही न दचकता मारू शकता तेच तुमचं कॅलिबर.

.३५७ मॅग्नम १९३५ सालचं. १५८ ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), वेग सेकंदाला साधारण १२०० ते १२५० फूट. हरणाला पुरतं, पण पन्नास यार्डांच्या आत आणि हरीण आडवं उभं असेल तरच. याचा मोठा फायदा म्हणजे त्याच रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशल मारता येतं. ते स्वस्त आणि सौम्य, सरावाला उत्तम. उलटं मात्र कधीही करायचं नाही: .३८च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ नाही.

.४४ मॅग्नम १९५५ सालचं. एल्मर कीथ नावाच्या आयडाहोच्या शिकाऱ्याने वर्षानुवर्षं .४४ स्पेशलमध्ये जास्त दारू भरून प्रयोग केले, त्यातून ते जन्मलं. २४० ग्रेनची गोळी, वेग १२०० ते १४०० फूट. हरीण थोडं तिरकं उभं असलं तरी ती आरपार जाते, आणि आरपार गेली की जमिनीवर रक्ताचा माग मिळतो. पानगळीत, संध्याकाळच्या उजेडात तो माग किती मोलाचा आहे हे जंगलात उतरल्यावर कळतं. याच एका कारणासाठी मी .४४च्या बाजूची आहे. पण झटका .३५७च्या जवळजवळ दुप्पट, आणि एका गोळीला डॉलरहून जास्त मोजावे लागतात. इथेही .४४ स्पेशल सरावाला आहेच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. .४१ मॅग्नम चांगलं आहे, पण गोळ्या शोधत फिरावं लागतं. .४५ कोल्ट १८७३ पासूनचं आहे. त्याची तगडी काडतुसं फक्त त्यांच्यासाठी बनवलेल्या मजबूत रिव्हॉल्व्हरमध्येच घालावीत, जुन्या कोल्टमध्ये किंवा तिच्या नकलेत नाही. .४५४ कॅसूल, .४६० आणि .५०० ही नावं ऐकायला भारी आहेत. व्हाइटटेलला, म्हणजे इथल्या हरणाला, त्यांची गरज नाही, आणि नवख्याला त्यांनी दचकायची सवय लागते ती वर्षभर जात नाही.

माझा हात लहान आहे, म्हणून मुठीबद्दल सांगते. सुपर ब्लॅकहॉकसारख्या सिंगल-अॅक्शन रिव्हॉल्व्हरची (जिचा घोडा दर गोळीआधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो) मूठ झटक्याबरोबर तळहातात वर फिरते. काहींना ते सोयीचं वाटतं, कारण धक्का मनगटात जात नाही. सुपर रेडहॉक या रिव्हॉल्व्हरला रबरी मूठ आणि साडेसात इंची बॅरल, वजन दीड किलो. ते वजन हातात जड लागतं, पण झटका तेच खातं. शिवाय स्कोपच्या रिंगांची जागा फ्रेममध्येच असते. तुमची करंगळी मुठीवर बसते का आणि अंगठ्याने घोडा पकड न सोडता मागे येतो का, हे दुकानात बघा. हातात घेतल्याशिवाय रिव्हॉल्व्हर विकत घेऊ नका.

रिव्हॉल्व्हर धरताना एक गोष्ट जपा. सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) आणि बॅरल यांच्यामध्ये कागदाच्या जाडीची फट असते. चाप ओढला की त्या फटीतून दोन्ही बाजूंना तापलेला वायू आणि शिशाचे कण उडतात. रायफलची सवय असलेले डावा हात पुढे बॅरलखाली नेतात. .४४वर तसं केलं तर बोट भाजतं, कातडी फाटते. दोन्ही हात मुठीवरच. टेकू हवा असेल तर मनगटं टेकवा, बंदुकीची फ्रेम दगडावर किंवा फांदीवर नको. आणि कान! .४४चा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, एका गोळीतही ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. रेंजवर कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही लावा. जंगलात इलेक्ट्रॉनिक मफ घ्या: पाचोळ्यातली चाहूल ऐकू येते आणि बाराचा आवाज अडतो.

अंतर कसं ठरवायचं? आठ इंची कागदी प्लेट घ्या. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण तेवढाच असतो. रेंजच्या बाकावरून मारू नका. झाडाला पाठ लावून, गुडघे वर घेऊन, त्यांवर हात टेकवून बसा, जसे जंगलात बसाल तसे. पंचवीस यार्डांवर सहाच्या सहा प्लेटमध्ये बसल्या की पस्तीस, मग पन्नास. ज्या अंतरावर एकही गोळी बाहेर जाते त्याच्या अलीकडचं अंतर ही तुमची मर्यादा. माझी .४४ने साठ यार्ड आहे, आणि सत्तरवर मोठा बक, म्हणजे नर, उभा असला तरी मी हात वर करत नाही.

गोळीचा प्रकार कॅलिबरइतकाच महत्त्वाचा. रेंजवरची पूर्ण तांब्याने मढवलेली गोळी हरणाला मारू नये. ती बारीक भोक पाडून निघून जाते, आणि बऱ्याच राज्यांत तिला बंदीही आहे. .३५७मध्ये शिकारीसाठी बनवलेली सॉफ्ट पॉइंट, .४४मध्ये तीच किंवा चपट्या नाकाची कडक शिशाची. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर अखंड तांब्याची गोळी घ्या. शिशाचे बारीक कण मांसात जखमेपासून लांबवर पसरतात, धुऊन जात नाहीत. आपल्याकडे खिमा आणि रस्सा सगळं घर खातं, त्यामुळे हा खर्च मी कधीच वाचवत नाही.

हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांबा. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम. पळत्यावर नाही, समोरून नाही, डोक्यावर तर नाहीच. गोळी नीट लागली तरी हरीण पन्नास-शंभर यार्ड धावतं, म्हणून अर्धा तास जागचे हलू नका. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, माग काढा. गडद लाल म्हणजे यकृत, आणखी काही तास थांबा. हिरवट आणि घाण वास म्हणजे पोट, तिथे घाई केलीत तर जखमी जनावर उठून मैलभर जाईल आणि तुम्हाला सापडणार नाही. माग शेजारच्याच्या शेतात शिरला तर आधी त्याची परवानगी. दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करायला ओहायोत लेखी परवानगी लागते. वायनडॉट, मॅरियन, हार्डिन या काउंट्यांत शिकार करणार असाल तर हरणांच्या सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) रोगाच्या तपासणीचे नियम वेगळे वाचा. २०२० मध्ये रानातल्या हरणात तो रोग वायनडॉटलाच पहिल्यांदा सापडला.

गाडीत रिव्हॉल्व्हर रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत. काडतुसं वेगळी. आणि भारतात जाताना एक काळजी घ्या, कारण हे खरोखर घडतं: शिकारीच्या सॅकच्या खिशात राहून गेलेलं एखादं काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसतं आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. रिकाम्या पुंगळीवरूनही चौकशीत अडकायला होतं. सॅक, जॅकेट, पँट, शिकारीला वापरलेलं काहीही भारताच्या सामानात घालू नका. त्यासाठी वेगळी बॅग ठेवा आणि ती बेसमेंटमध्येच राहू द्या.