टचस्क्रीनचे कुलूप घेताय? आधी दाराची मापे घ्या

टचस्क्रीनचे डिजिटल कुलूप बघताना डोळे आधी पडद्यावर उजळणाऱ्या आकड्यांवर जातात. पण ते घरात नीट चालणार की नाही, हे तुमचे दार आणि त्या दारातून रोज ये-जा करणारी माणसे यांवर ठरते. त्यामुळे मॉडेलांची तुलना करण्याआधी मोजपट्टी काढा.

१. दार मोजा

दाराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. प्रत्येक कुलपाच्या माहितीपत्रकात किमान आणि कमाल जाडी दिलेली असते. तुमचे दार त्यात बसत नसेल तर ते मॉडेल तिथेच सोडा. नक्षीचे किंवा पट्ट्या मारलेले दार असेल तर कुलूप बसायला सपाट जागा किती आहे तेही मोजा. आधीच मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत खाच कोरून बसवलेले कुलूप) असेल तर त्याच्या खाचेचे माप घ्या. नवे कुलूप त्या खाचेत बसले नाही, तर सुताराला दार पुन्हा कोरावे लागते.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये लाकडी दाराबाहेर जाळीचे सेफ्टी डोअर असते आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. दोन्ही दारे बंद असताना मधले अंतर मोजा. डिजिटल कुलपाचे हँडल बरेच पुढे येते; ते जाळीला अडले तर बाहेरचे दार लागणारच नाही.

पावसाळ्याचा विचार तर करायलाच हवा. कोकणात, मुंबईत लाकडी दार फुगते. साधी किल्ली असली की आपण दार ओढून, जोर लावून ती फिरवतो. मोटरवर चालणाऱ्या कुलपाला ही युक्ती येत नाही: बोल्ट (कुलपातून चौकटीत शिरणारा दांडा) चौकटीला घासला की मोटर अडते, कुलूप बीप करत राहते आणि बॅटरी लवकर संपते. दार आताच घासत असेल तर आधी सुताराकडून रंधा मारून घ्या, बिजागऱ्या कसून घ्या, मगच कुलूप बसवा. बंगल्याचे दार थेट पावसात किंवा उन्हात असेल तर बाहेरच्या वापरासाठीचे, आयपी ६५ सारखे (धूळ-पाण्यापासून बचाव दाखवणारे) मानांकन असलेले मॉडेलच घ्या.

२. घरातली माणसे बघा

भांडी घासून, शेतात राबून किंवा वयामुळे बोटांच्या रेषा झिजतात. अशा बोटाचा ठसा सेन्सरला अनेकदा ओळखू येत नाही. ओल्या बोटांचीही तीच गत. म्हणून ठसा, पिन आणि कार्ड असे तिन्ही पर्याय असलेले कुलूप घ्या. आजी-आजोबांना कार्ड सर्वांत सोपे पडते. आकडे मोठे आहेत का, भर उजेडात दिसतात का, हे दुकानात स्वतः बघा आणि जमल्यास त्यांनाच सोबत न्या.

कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा पिन द्या, ठरावीक वेळेपुरता देता आला तर उत्तमच. त्यांनी काम सोडले की तेवढाच पिन काढून टाकायचा.

३. पिनची सुरक्षितता

चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता होतात, सहा आकडीच्या १० लाख. सहा आकडीच ठेवा. पडद्यावर बोटांचे डाग राहतात आणि त्यावरून आकडे ओळखता येतात. खऱ्या पिनच्या आगेमागे भलतेच आकडे दाबू देणारे मॉडेल हा धोका कमी करते. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप थोडा वेळ गोठते का, हेही विचारा. कंपनीने दिलेला सुरुवातीचा पिन मात्र पहिल्याच दिवशी बदला.

४. बॅटरी संपली तर?

बहुतेक कुलपे डबल ए सेलवर चालतात, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही. सेल अल्कलाइनच वापरा. चार्ज होणारे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे काही कुलपांचा बॅटरी कमी झाल्याचा इशारा चुकतो. सेल पूर्ण संपले तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा यूएसबीने वीज देता यायला हवी. सोबतची साधी किल्ली घरातल्या कपाटात ठेवून काहीच उपयोग नाही; ती जवळच्या नातेवाइकांकडे किंवा ऑफिसात ठेवा.

५. आतून उघडणे

या बाबतीत तडजोड करू नका. आतून दार पिनशिवाय, बॅटरीशिवाय, एका हाताने उघडले पाहिजे. आग लागली तर धुरात आकडे शोधायला वेळ नसतो. आपोआप बंद होण्याची सोय हवी तेव्हा थांबवता यायला हवी, नाहीतर कचऱ्याचा डबा ठेवायला गेलेला माणूस बाहेरच अडकतो.

वायफायची गरज सगळ्यांना नसते, शिवाय त्याने बॅटरी लवकर उतरते. आईवडील पुण्यात आणि मुले परदेशात असतील तर मात्र दुरून तात्पुरता पिन देता येणे फार उपयोगी पडते. तेव्हाही इंटरनेट बंद असताना कुलूप चालते ना, याची खात्री करा.

पैसे देण्याआधी तुमच्या गावात दुरुस्तीला कोण येते आणि बसवण्याचा खर्च किमतीत धरला आहे का, हे विचारा. भाड्याच्या घरात दाराला भोके पाडायची असतील तर मालकाची परवानगी घ्या. कुलूप बसले की दार उघडे ठेवूनच ठसा, पिन, कार्ड आणि किल्ली या चारही प्रकारांनी बोल्ट आत-बाहेर होतो का बघा. मग एकाला आत थांबवून दार लावा आणि हेच सगळे बाहेरून पुन्हा करून पाहा.