नव्या शिक्षणसेवकांसाठी : तंत्रस्नेही प्रशिक्षणातून काय उचलायचं

नियुक्तीचा आदेश घेऊन शाळेवर हजर झालात की पहिल्या आठवड्यातच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा नंबर जोडला जातो आणि प्रशिक्षणं सुरू होतात. कधी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, कधी ऑनलाइन, कधी केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास धरलेला आहे. म्हणजे हे निवृत्तीपर्यंत चालणार. त्यातलं बरंचसं हल्ली तंत्रज्ञानाभोवती फिरतं. मी सांगली जिल्ह्यात जतच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत वरच्या वर्गांना विज्ञान आणि गणित शिकवते. या प्रशिक्षणांतून काय घरी आणायचं आणि काय तिथल्या सतरंजीवरच ठेवून यायचं, याबद्दल माझं मत आता पक्कं आहे.

मत असं : आपली मुलं नेमकी कुठे अडतात हे वहीत लिहून मगच प्रशिक्षणाला जा. नवीन ॲप बघायचं आणि मग ते कुठल्या पाठात बसवता येईल ते शोधत फिरायचं, हा उलटा रस्ता आहे आणि बहुतेक जण त्याच रस्त्याने जातात.

आधी कागदपत्रांचं उरकते, कारण नव्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. केंद्र सरकारने शिक्षक प्रशिक्षणाचा 'निष्ठा' कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू केला. तेव्हा तो समोरासमोर होता, २०२० पासून 'दीक्षा' या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन आला. पुढे माध्यमिकसाठी निष्ठा २.० आणि पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी निष्ठा ३.० आलं. कोर्स तुमच्या आवडीचा असो नसो, काही गोष्टी पाळा. प्रमाणपत्रावर तेच नाव छापून येतं जे दीक्षाच्या प्रोफाइलमध्ये आहे, तेव्हा कोर्सला हात लावण्याआधी नाव सेवापुस्तकाप्रमाणे नीट करून घ्या. मुदत संपायच्या रात्री बसू नका, त्या रात्री सगळा जिल्हा बसलेला असतो. सगळे घटक पाहून झाल्यावरही प्रगती लगेच पूर्ण दिसत नाही, मागून अद्ययावत होते. तेवढ्यावरून घाबरून पहिल्यापासून सुरू करू नका. प्रमाणपत्राची पीडीएफ ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा, फोन बदलला की गॅलरी जाते. आणि उत्तरांची तयार पीडीएफ ग्रुपवर येईल. ती उघडायची की नाही हे मी सांगणार नाही, पण उघडलीत तर तो वेळ प्रशिक्षणात मोजू नका.

आता वर्गाकडे. आठवीच्या धाराविद्युतच्या पाठात एकसर जोडणी येते. व्याख्या मुलं तोंडपाठ म्हणतात. पण एक घट, एकामागे एक जोडलेले दोन सारखे बल्ब काढून विचारलं, की कुठला जास्त पेटेल, तर निम्म्याहून जास्त बोटं घटाजवळच्या बल्बकडे वळतात. मुलांच्या हिशेबाने पहिला बल्ब वीज 'खाऊन' टाकतो आणि दुसऱ्याला उरलेली मिळते. हा गैरसमज जगभरच्या मुलांत सापडतो, जतच्या पोरांचा दोष नाही. व्हिडिओ लावून तो जात नाही. व्हिडिओत बल्ब पेटलेले दिसतात, मुलं मान डोलावतात आणि डोक्यातली कल्पना जागच्या जागी राहते.

इथे फेट (PhET) या संकेतस्थळावरची प्रतिकृती, म्हणजे सिम्युलेशन, कामाला येते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. विज्ञान-गणिताची शंभराहून जास्त आभासी उपकरणं त्यावर फुकट आहेत, बरीच मराठीतही आहेत. नव्या पद्धतीच्या प्रतिकृती एकेक फाइल म्हणून उतरवून घेता येतात आणि मग इंटरनेटशिवाय लॅपटॉपवर चालतात. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे रेंजसाठी मैदानाच्या टोकाला जावं लागतं, तिथे हे फार मोलाचं. परिपथाच्या प्रतिकृतीत वाहणारे इलेक्ट्रॉनही दिसतात. पहिल्या बल्बच्या आधी जेवढ्या गतीने जातात तेवढ्याच गतीने नंतरही.

पण खरं काम कळ दाबण्याच्या आधीचं. पडद्यावर परिपथ तयार ठेवायचा, कळ उघडी. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. उत्तरं घेण्यासाठी मी प्लिकर्स नावाच्या ॲपची कार्डं वापरते. प्रत्येक मुलाकडे चौकोनी नक्षीचं एक कागदी कार्ड, त्याच्या चार बाजूंना चार पर्याय; हवा तो पर्याय वर येईल असं कार्ड धरायचं. बाईंच्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरला की कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर येतं. मुलांना फोन लागत नाही. ४० कार्डांचा संच फुकट उतरवता येतो. जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. रेंज नसली तर? पाट्या काढा, अ-ब-क लिहून एकदम वर करा. पाठ तोच राहतो. किंबहुना पाटीवर जो पाठ चालत नाही तो ॲपवरही चालत नाही, असं माझं मत आहे.

मग कळ दाबायची. दोन्ही बल्ब सारखेच पेटतात. वर्गात जो आवाज होतो तो कुठल्याही उद्बोधन वर्गात ऐकायला मिळणार नाही.

आणि इथे थांबायचं नाही. खरे घट, तार आणि टॉर्चचे बल्ब काढा. इथे एक गंमत होते जी प्रशिक्षणात कोणी सांगत नाही. बाजारातले दोन बल्ब हुबेहूब नसतात, त्यांच्या आतल्या तारेचा रोध थोडा इकडेतिकडे असतो, त्यामुळे एक मंद दिसू शकतो. आणि तो नेमका दुसरा असला की पोरं उसळतात, "बघा बाई, आम्ही म्हणत होतो!" तेव्हा फक्त बल्बांची अदलाबदल करायला सांगा. मंद बल्ब घटाजवळ आला तरी मंदच राहतो. म्हणजे फरक जागेचा नव्हे, बल्बचा. प्रतिकृती आदर्श बल्ब दाखवते, टेबलावर खरा असतो, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत विज्ञान शिकवायला चांगली जागा मिळते. फक्त पडदा दाखवून तास संपवला असता तर ही फट दिसलीच नसती.

प्रशिक्षणात तुम्हाला 'टीपॅक' नावाची तीन वर्तुळांची आकृती दाखवतील. विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं ज्ञान यांच्या सांध्यावर शिक्षकाचं स्वतःचं असं एक ज्ञान असतं, हे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाचं तिसरं वर्तुळ जोडलं. आकृती फळ्यावर काढता येणं निरुपयोगी आहे. पण बल्ब 'वीज खातो' हे मुलांच्या डोक्यात आहे हे ठाऊक असणं, आणि त्यासाठी कुठलं साधन कुठल्या क्षणी उघडायचं हे ठाऊक असणं, म्हणजेच तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तो मधला भाग.

रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरणही प्रत्येक प्रशिक्षणात येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या या शिक्षकाला २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर्सचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. सांगणारे क्यूआर कोडवर थांबतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच : मुलांची मातृभाषा कन्नड, पुस्तक दुसऱ्या भाषेत, म्हणून आधी पुस्तकं मुलांच्या भाषेत नेली आणि त्यांना क्यूआर कोडची जोड दिली. आमच्या जतकडेही घरी कानडी बोलणारी पोरं वर्गात असतात, त्यामुळे ही अडचण काय चीज आहे ते मला रोज दिसतं. तिथे नुसता कोड चिकटवून काही झालं नसतं.

एकट्याने शिकू नका. केंद्रातल्या एका तरी शिक्षकाशी जमवून घ्या, जो तुमच्या तासाला मागे बसेल. त्याला 'कसं वाटलं' विचारू नका, 'छान' असंच उत्तर येतं. काम द्या : मागच्या दोन रांगांतलं कोण बोललं, कोण गप्प होतं, कोणी शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवलं, एवढंच टिपून दे. शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडे दहा मिनिटं मागा आणि स्लाइड दाखवण्याऐवजी मुलांच्या चार वह्या घेऊन जा. वह्या समोर आल्या की ज्येष्ठ मंडळी बोलायला लागतात, आणि त्यांच्याकडचं ज्ञान कुठल्याही पोर्टलवर नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात. लोकवर्गणीतून किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडून काही मिळणार असेल तर प्रोजेक्टरआधी खोलीतला उजेड बघा. पत्र्याच्या, खिडक्यांना पडदे नसलेल्या खोलीत दुपारी काही दिसत नाही, तिथे मोठा टीव्ही बरा. अर्थिंग आणि वीजबिल कोण भरणार हे ठरल्याशिवाय उद्घाटनाची तारीख काढू नका. आणि वर्षाच्या पाठांची सगळी टाचणं एकाच ॲपवर बांधू नका. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली, मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी दूरदर्शनवरून खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोहोचली, तीसुद्धा २०१७ मध्ये बंद झाली. खाजगी कंपनीचं फुकट ॲप किती दिवस फुकट राहील याचा भरवसा नाही.

मुलांची माहिती जपा. प्लिकर्समध्ये मी नावांऐवजी हजेरी क्रमांक टाकते. एआयकडून सरावाचे प्रश्न काढून घेते, पण मुलांची नावं, गुण, फोटो तिथे घालत नाही, आणि मराठीतला प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून बघितल्याशिवाय फळ्यावर लिहीत नाही. विज्ञानाच्या पारिभाषिक शब्दांत एआय सर्रास पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळे शब्द वापरतं आणि मुलं गोंधळतात.

शेवटी नवोपक्रम. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद दरवर्षी नवोपक्रम स्पर्धा घेते, आणि कोणीतरी तुम्हाला पहिल्याच वर्षी 'भरा की' म्हणेल. भरा. पण अहवालासाठी उपक्रम करू नका. जो पाठ वर्गात चालला त्याचे कागद तेव्हाच जपून ठेवा : उपक्रमाआधीचा एक पानी प्रश्नसंच, नंतरचा तोच, तारखेसह, आणि ज्यांचं उत्तर नंतरही चुकलं त्या मुलांच्या वह्यांचे फोटो, चेहरे न दाखवता. गरज, उद्दिष्टं, कार्यवाही, यशस्विता हे मथळे नंतर दोन संध्याकाळींत लिहून होतात. परिशिष्टात लावायचे हे कागद मात्र मागाहून तयार करता येत नाहीत, आणि परीक्षकांना ते बरोबर कळतं.