“तू खालीच राय वं माय”

आमच्या यवतमाळकडे शेतातली कामंही वाटलेली आहेत. निंदण, वेचणी बायांची. डवरणी, फवारणी माणसांची. मजुरी बाईची कमी. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरला तेव्हा घरचे म्हणाले, शिवणकाम घे. मी ऐकलं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड, मग अप्रेंटिसशिप, मग वीज कंपनीत लाइनवुमनची भरती, म्हणजे खांबावर चढून तारांचं काम. सरकारी भरतीत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे आत शिरायची वाट आहे.

खरी अडवणूक नंतर होते, आणि ती मायेनं होते. पहिल्याच आठवड्यात सिनियर म्हणाले, “तू खालीच राय वं माय, वर आम्ही पाहतो.” मी तक्रारींचं रजिस्टर लिहीत बसले. दीड महिना गेला. सोबतची पोरं जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, बांधायला शिकली, मी नुसती नोंदी करत राहिले. मग रात्रीच्या फॉल्टवर मला कोण नेणार? काम येत नाही म्हणून नेत नाहीत, आणि नेत नाहीत म्हणून काम येत नाही. पोरींनो, पहिल्याच महिन्यात सांगा, माझ्या नंबरला मीच चढणार. भांडण वाटलं तरी सांगा.

चढण्याआधी लाइन बंदचं परमिट, म्हणजे लेखी परवानगी, हातात घ्या. फोनवर कोणी “बंद केली” म्हटलं तेवढ्यावर जाऊ नका. टेस्टरनं पाहा आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावा, कारण कोणाच्या घरचा जनरेटर बंद तारेत उलटा करंट सोडू शकतो. रबरी हातमोजे आपल्या मापाचे मागा. मला पहिले मिळाले ते बोटांच्या पुढे दोन पेरं लोंबायचे, नटच धरता यायचा नाही. बांगड्या, मंगळसूत्र काढूनच चढायचं. माझं मंगळसूत्र टिफिनच्या वरच्या डब्यात असतं. सासूबाईंना आधी ते पटलं नव्हतं. एकदा त्यांना झुला, बेल्ट, तार सगळं दाखवलं, तेव्हा मानल्या.

ठेकेदाराकडे असाल आणि तिथं दहापेक्षा कमी कामगार असतील, तरी लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्यानं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे घरीही सांगून ठेवा.

आणि एक, जे कोणी शिकवत नाही. मे महिन्यात दिवसभर शिवारात राहायचं, संडासाची सोय नाही, म्हणून मी पाणीच कमी प्यायचे. उन्हानं दोनदा चक्कर आली. आता माझ्या लाइनीवरच्या प्रत्येक गावात एक घर जोडून ठेवलंय, कुठं आशाताईंचं, कुठं अंगणवाडीच्या मदतनीस बाईंचं. जाताना हाक मारते, बाटली भरून घेते.