समुद्रतळावरील लहान कवचधारींच्या वितरणाचा नकाशा कसा करावा: कोकण-गोवा किनाऱ्याच्या उदाहरणाने

ओहोटीच्या वेळी पुळणीवरची मूठभर ओली वाळू पांढऱ्या ताटलीत समुद्राच्या पाण्यात कालवली, की बऱ्याचदा काही मिलिमीटर लांबीचे जीव कुशीवर पडून धडपडताना दिसतात. दोन्ही बाजूंनी चपटे असलेले हे जीव म्हणजे अँफिपॉड; कोळंबी आणि खेकड्यांचे दूरचे आप्त, आणि त्यांच्यासारखेच कवचधारी. त्यांच्यासोबत पाठीकडून चपटे आयसोपॉड, फुगीर छातीचे आणि बारीक शेपटीचे क्युमेशियन, पुढच्या पायांना चिमटे असलेले टॅनेड आणि जेमतेम एक मिलिमीटरचे हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉडही तळाच्या गाळात राहतात. यांपैकी कोण कुठे आणि किती राहते, याची विश्वासार्ह नोंद कशी करावी, ते येथे सांगितले आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अँफिपॉड, आयसोपॉड, टॅनेड आणि क्युमेशियन यांच्या माद्या अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढवतात आणि पिल्ले तेथून थेट गाळात उतरतात. खेकड्यांप्रमाणे त्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जात नाहीत. त्यामुळे एखादी जात एका खाडीत सापडली म्हणून ती शेजारच्या खाडीतही असणारच, असे धरून चालता येत नाही. प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहणे, आणि पाहूनही सापडले नाही तर तसे लिहून ठेवणे, हाच या कामाचा गाभा आहे.

ठिकाणे निवडताना नकाशावर सारख्या अंतराने टिंबे मांडू नयेत, तर गाळाचा पोत, खोली आणि क्षारता यांच्या बदलाचा माग घ्यावा. गोव्यातील मांडवी किंवा जुवारी नदीच्या मुखापासून आत कांदळवनापर्यंत एक ओळ घ्यावी, आणि दुसरी ओळ किनाऱ्यापासून 10, 20, 30 मीटर खोलीपर्यंत न्यावी. हे जीव विखुरलेल्या झुबक्यांनी राहतात, म्हणून प्रत्येक ठिकाणाहून किमान तीन, शक्य असल्यास पाच स्वतंत्र नमुने घ्यावेत. एकाच नमुन्यावरून काढलेल्या आकड्यावर मी स्वतः विसंबणार नाही, कारण हातभर अंतरावर तो कित्येक पटींनी बदलू शकतो.

आपल्या समुद्रात पाण्याचे तापमान वर्षभरात काही अंशांनीच बदलते. खरा फरक पाडतो तो पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळात खाड्यांची क्षारता कोसळते, वरून चिखल उतरतो, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल, कमी प्राणवायूचे पाणी भूखंड मंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, चढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळच्या पाण्यात प्राणवायू फारच कमी उरतो, आणि प्राणवायूची ही टंचाई कवचधारींना बहुतेक कृमींपेक्षा अधिक बाधते. केवळ ऑक्टोबरात गेलेला माणूस ‘येथे अँफिपॉड नाहीत’ असे लिहील, तर केवळ एप्रिलमध्ये गेलेल्याला तेच ठिकाण समृद्ध वाटू शकेल. म्हणून एप्रिल-मे, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारी अशा किमान तीन फेऱ्या त्याच जागी कराव्यात. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होडी मिळणे कठीण असते. तेव्हा उधाणाच्या ओहोटीला उघडे पडणारे खाडीतले चिखलपट्टे पायी गाठावेत.

खोल पाण्यात 0.04 किंवा 0.1 चौरस मीटरचा ग्रॅब (दोरीने सोडायचा, तळाचा गाळ जबड्यात पकडून आणणारा डबा) वापरावा, आणि तो पूर्ण मिटलेला नसेल तर नमुना निःसंकोच टाकून द्यावा. उथळ जागी 3.6 सेंटिमीटर व्यासाची नळी गाळात दाबली, तर सुमारे 10 चौरस सेंटिमीटर क्षेत्र मिळते. नळीतला गाळ एक-एक सेंटिमीटरच्या चकत्यांत कापावा; चिखलात कोपेपॉड मुख्यतः वरच्या थरातच असतात, कारण खाली प्राणवायू लवकर संपतो. त्याच वेळी गाळाचा वेगळा नमुना कणांचे आकारमान मोजण्यासाठी ठेवावा, आणि तळाच्या पाण्याचे तापमान, क्षारता व विरघळलेला प्राणवायू नोंदवावा. घड्याळाची वेळही लिहावी, कारण क्युमेशियन आणि कित्येक अँफिपॉड रात्री गाळ सोडून पाण्यात वर येतात.

गाळणीच्या टप्प्यावर बहुतेकांचे हात घाईचे होतात आणि तेथेच जीवांच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) तुटतात. जोरदार धारेखाली चाळण्याऐवजी गाळ बादलीत समुद्राच्या पाण्याबरोबर हलकेच ढवळावा, जड वाळू खाली बसू द्यावी आणि वरचे पाणी चाळणीवर ओतावे. कवचधारी हलके असल्याने पाण्याबरोबर येतात. ही कृती पाच वेळा करावी. मोठ्या जीवांसाठी 0.5 मिलिमीटरची, कोपेपॉडांसाठी 0.063 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक चाळणी लागते. चाळणीचे माप प्रत्येक नोंदीसोबत लिहावे, कारण वेगवेगळ्या चाळण्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. जतनासाठी बोरॅक्स घातलेले, समुद्राच्या पाण्यात केलेले फॉर्मॅलिन वापरावे; आम्लयुक्त फॉर्मॅलिन कवचातला चुना विरघळवते. ते विषारी असल्याने हातमोजे आणि मोकळी हवा अनिवार्य समजावी. जनुकीय तपासणी करायची असल्यास वेगळा भाग 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. रोझ बेंगाल रंग घातल्यास जीव गुलाबी होऊन कचऱ्यातून उठून दिसतात.

ओळख पटवताना कुळापर्यंत खात्री असेल तर कुळावरच थांबावे. दूरच्या समुद्रातील जातीचे नाव ओढूनताणून लावले, तर न भटकणारा जीव जगभर पसरल्याचा भ्रम निर्माण होतो. याला बंदरांचा अपवाद आहे: जहाजांच्या बुडाला चिकटून काही अँफिपॉड खरोखरच प्रवास करतात, म्हणून मुरगाव किंवा मुंबईसारख्या बंदरांतील नोंदी वेगळ्या खुणेने दाखवाव्यात.

मोजलेली संख्या चौरस मीटरमागे काढावी, 0.1 चौरस मीटरच्या ग्रॅबसाठी तिला 10 ने, 0.04 च्या ग्रॅबसाठी 25 ने गुणावे. क्यूजीआयएससारख्या नकाशे करण्याच्या मोफत संगणक प्रणालीत प्रत्येक ठिकाणी संख्येच्या प्रमाणात भरीव वर्तुळ काढावे. जेथे नमुना घेतला पण जीव मिळाला नाही, तेथे पोकळ वर्तुळ काढावे. जेथे गेलोच नाही, ती जागा कोरी ठेवावी. हंगामानुसार तीन नकाशे वेगळे करावेत, त्यांची सरासरी काढू नये. कोचीहून चालणाऱ्या इंडोबिस या सागरी जैवविविधतेच्या कोशात नोंदी द्यायच्या झाल्यास अक्षांश-रेखांश, तारीख, खोली आणि चाळणीचे माप यांच्यासह ही पोकळ वर्तुळेही अवश्य द्यावीत.