पहिला कृष्णधवल प्रिंट: सुरुवात चाचणीपट्टीपासून

निगेटिव्ह धुऊन सुकल्यावर थेट पूर्ण आकाराचा कागद वापरण्याचा मोह टाळावा आणि आधी चाचणीपट्टी काढावी. एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात, निगेटिव्हची इमल्शनची, म्हणजे निस्तेज बाजू खाली ठेवून, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे असताना प्रतिमा रेखीव करावी आणि मग छिद्र एफ/८ पर्यंत लहान करावे. सेफलाइटच्या, म्हणजे कागदावर परिणाम न करणाऱ्या मंद लाल दिव्याच्या, उजेडात कागदाची अरुंद पट्टी मांडून, दर ५ सेकंदांनी तिचा आणखी एक भाग पुठ्ठ्याने झाकत गेल्यास ५, १०, १५ आणि २० सेकंदांचे टप्पे शेजारी-शेजारी मिळतात.

डेव्हलपर, म्हणजे कागदावर प्रतिमा उमटवणारे रसायन, २० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. रेझिनचा थर असलेल्या कागदाला त्यात साधारण १ मिनिट लागते. प्रतिमा फार गडद होते आहे असे वाटून तो आधीच बाहेर काढणे ही नवशिक्यांची सर्वांत घातक सवय, कारण अर्धवट विकसित झालेला काळा रंग राखाडीच राहतो आणि खरी चूक प्रकाशाच्या वेळेतच असते. स्टॉप बाथ (डेव्हलपरची क्रिया थांबवणारे द्रावण), फिक्सर (प्रतिमा कायम करणारे द्रावण) आणि धुण्याच्या वेळा उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे पाळाव्यात.

पट्टी पांढऱ्या दिव्याखालीच पारखावी, कारण लाल उजेड हमखास फसवतो. उजळ भागांतील तपशील पाहून वेळ ठरवावी, आणि त्यानंतरच काळ्या भागांसाठी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे उजळ आणि काळ्या भागांतील फरक कमी-जास्त करणारा, फिल्टर बदलावा.