वृद्धाश्रमातील रहिवाशांच्या नाराज नातेवाइकांशी कसे बोलावे

एखादे कुटुंब दर भेटीत चिडत असेल, तर त्याचे मूळ बहुतेक वेळा त्या दिवशीच्या तक्रारीत नसते. आईच्या पायावरची जखम मुलीने स्वतः पाहिली आणि आश्रमाने ती त्याआधी सांगितली नव्हती, इतके एकदा घडले की पुढे पोळी कडक निघाली तरी तिला त्यात दुर्लक्षच दिसते. म्हणून व्यवस्थापक, सिस्टर आणि मदतनीस या सर्वांनी पहिला नियम हाच ठेवावा, की वाईट बातमी कुटुंबाला आश्रमाकडूनच आणि सर्वांत आधी कळली पाहिजे.

याची खरी परीक्षा रहिवासी पडल्यावर होते. प्रथम अर्थातच रुग्णाकडे पाहावे: डोक्याला मार लागला असून रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर वरून काही दिसत नसले तरी तातडीने रुग्णालयात न्यावे, एक पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असावे असे समजून ओढून उभे करू नये. त्यानंतर लगेच, शक्यतो प्रत्यक्ष पाहणाऱ्या सिस्टरनेच फोन करावा आणि पुढील क्रमाने बोलावे: “आजी सकाळी सव्वासहाला बाथरूमच्या दाराशी पडल्या. शुद्धीवर आहेत, बोलत आहेत, पण उजव्या कमरेत दुखते म्हणतात. आम्ही त्यांना हलवलेले नाही, रुग्णवाहिका बोलावली आहे आणि एक्स-रेसाठी मेडिकल रुग्णालयात नेत आहोत. तेथे पोहोचताच मी पुन्हा फोन करते.” यात ‘काही विशेष नाही’ नाही आणि ‘या वयात असे होतच असते’ हेही नाही. ही दोन्ही वाक्ये आपण धीर देण्यासाठी उच्चारतो, परंतु ऐकणाऱ्याला ती अंग काढून घेणारी वाटतात. पुन्हा फोन करण्याचा जो शब्द दिला, तो सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी पाळावा.

स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशाच्या बाबतीत अडचण वेगळी असते. मुलगा भेटायला येतो, आई रडत सांगते की सकाळपासून कोणी जेवायला दिले नाही, आणि तो कार्यालयात येऊन आवाज चढवतो. अशा वेळी ‘त्यांना आठवत नाही’ हे वाक्य आरंभीच उच्चारले, तर आपण त्याच्या आईला खोटे ठरवतो आहोत असेच त्याला वाटते. त्याला बसवावे, पाणी द्यावे, त्याचे बोलणे मध्ये न तोडता पूर्ण ऐकावे आणि मग म्हणावे, “त्यांना भूक लागल्यासारखे वाटते आहे, ते खरेच आहे. आज काय खाल्ले ते आपण मिळून पाहू.” नोंदवहीत ‘जेवण झाले’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती दाखवून उपयोग नाही, ‘साडेआठ, अर्धी वाटी पोहे, साडेबारा, एक पोळी, वरण, भाजी नाकारली’ असे लिहिलेले असेल, तरच तिच्यावर विश्वास बसतो. संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता अनेकदा वाढते, त्यामुळे भेटीसाठी सकाळची वेळ सुचवावी आणि त्याचे कारणही सांगावे.

नागपूरच्या उन्हाळ्यात तक्रारी वाढतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, वृद्धांना तहान कमी जाणवते आणि सुकलेला चेहरा पाहून नातेवाईक हादरतात. मार्च संपण्याआधीच सर्व कुटुंबांना एक पत्र पाठवून वाळ्याच्या ताट्यांचे कूलर कोठे लावले आहेत, पाणी, ताक वा पन्हे किती वेळा देतो आणि वजन कोणत्या तारखेला घेतो, हे कळवावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले आहे, अशा हृदयविकाराच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या कुटुंबांना स्वतंत्रपणे समजावावे.

प्रेमाने आणलेल्या खाऊबाबतही हेच आहे. काटोलकडच्या बागेतून संत्र्यांची पेटी घेऊन आलेल्या मुलाला दारातच ‘चालत नाही’ म्हणणे त्याच्या जिव्हारी लागते. बाबांच्या मूत्रपिंडाच्या आजारात रक्तातील पोटॅशियम वाढले आहे आणि संत्र्यात ते असते, म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली आहेत, हे त्याला शांतपणे सांगावे, आणि पेटी इतर रहिवाशांना बाबांच्या हातून वाटू द्यावी.

सर्वांत अवघड असते ते भावंडांचे आपसातले भांडण. पुण्यातला मुलगा पैसे भरतो म्हणून निर्णय आपला समजतो, तर धरमपेठेतली मुलगी दर आठवड्याला येते म्हणून तिला आपला शब्द शेवटचा वाटतो, आणि दोघेही आश्रमाला साक्षीला ओढतात. येथे कोणाचीही बाजू घेऊ नये. रहिवाशाला समजते आणि सांगता येते तोवर त्यांची इच्छाच प्रथम विचारावी, हे माझे ठाम मत आहे. पैसे भरणाऱ्यालाही ते स्पष्ट सांगावे. संपर्काची एक व्यक्ती प्रवेशाच्या वेळीच लेखी ठरवून घ्यावी आणि प्रत्येक महत्त्वाचा निरोप सर्व भावंडांना एकाच मजकुरात पाठवावा. कोणी अमेरिकेत असेल, तर व्हिडिओ कॉल रात्री साडेआठला ठेवावा. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात.

मदतनीस मावशींना शिवीगाळ होत असेल, तर मात्र संभाषण तेथेच थांबवावे. “तुमची तक्रार मी लिहून घेतो आणि उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर देतो, पण मावशींशी या भाषेत बोलता येणार नाही,” इतके पुरेसे आहे. त्या मावशींना त्याच कुटुंबासमोर जाब विचारू नये. चौकशी स्वतंत्रपणे करावी आणि चूक आढळल्यास ती कुटुंबासमोर नेमक्या शब्दांत मान्य करावी.

जे नातेवाईक फोन घेत नाहीत आणि शुल्कही भरत नाहीत, त्यांना धमकीचे निरोप पाठवू नयेत. 2007 च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानुसार ज्येष्ठ व्यक्ती स्वतः, किंवा ते शक्य नसल्यास त्यांनी अधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था, निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. सल्ल्यासाठी 14567 ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. अर्ज करण्याआधी मात्र त्या आजोबांशी एकांतात बसून बोलावे, कारण पोटच्या मुलाविरुद्ध कागदावर सही करायची की नाही, हे त्यांनीच ठरवायचे आहे, आणि त्यांनी नकार दिला तर तोही नोंदवहीत लिहून ठेवावा.