सहकाऱ्यांकडून विवाहप्रथा जाणून घेताना

सहकाऱ्याला ‘तुमच्याकडे लग्न कसे होते?’ असा मोघम प्रश्न विचारण्यापेक्षा एखादी नेमकी कृती धरून विचारावे. ज्यू विवाहात वर पायाखाली काचेचा पेला फोडतो, तर शिंतो या पारंपरिक धर्माच्या पद्धतीने होणाऱ्या जपानी विवाहात वधूवर तीन पेल्यांतून प्रत्येकी तीन घोट साके (तांदळाचे मद्य) घेतात. अशा एका तपशिलावरून बोलणे निघाले की घरच्या आठवणी आपोआप पुढे येतात, आणि माझ्या मते खरे ज्ञान त्या आठवणींतच असते. हुंडा किंवा घटस्फोटाचा विषय मात्र आपण होऊन काढू नये. लग्नाचे आमंत्रण मिळाल्यास आहेराबद्दल आधीच विचारून घ्यावे, कारण चिनी परंपरेत लग्नाचा आहेर लाल पाकिटात देतात, पांढरे पाकीट अंत्यविधीच्या वेळी दिले जाते.